उभ्या गाडीचा करंट कोण पितं?

बॅटरी मेली की गिऱ्हाईक एकच वाक्य बोलतं. "कल तक तो ठीक थी." जबलपूरच्या गोहलपुरात माझं बॅटरीचं दुकान, आणि हे वाक्य मी तिथं उभा जन्म ऐकलं. ट्रकवाल्याकडून ऐकलं, शाळेच्या बसवाल्याकडून ऐकलं, लग्नाच्या वरातीत रोषणाईचे हंडे मिरवणाऱ्या बँडवाल्याकडूनही ऐकलं. हा बँडवाला दर वरातीत बॅटरी पार कोरडी होईस्तोवर पिळायचा आणि दुसऱ्या दिवशी माझ्यावरच डोळे वटारायचा. एक सरदारजी थंडीत ट्रकची बॅटरी बायकोच्या शालीत गुंडाळून आणायचे. थंडीनं बॅटरी मरते असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. ते अर्धं खरंही होतं, म्हणून मी कधी हसलो नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॅटरीत शिशाच्या पाट्या असतात आणि त्या तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या पाण्यात उभ्या असतात. तिला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक, पाणी कमी होणं. दुसरी, रिकामी पडून राहणं. रिकाम्या बॅटरीच्या पाट्यांवर पांढरा थर धरतो, आणि एकदा तो घट्ट बसला की ती बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. लोकांना वाटतं, गाडी चालवली की बॅटरी झिजते. उलट आहे. चालत्या गाडीत ती भरत असते, उभ्या गाडीत मरते. कारण उभ्या गाडीतही कोणी ना कोणी करंट पीत असतं: घड्याळ, चोरघंटी, कुठली उघडी पडलेली तार. याला आम्ही लीकेज म्हणतो. लीकेज शोधण्यात आपला हात कोणी धरणार नाही, अशी माझी समजूत होती. रामटेकेजींच्या गाडीनं ती मोडली.

रामटेकेजी जबलपूरच्याच रांझी भागातले. तिथल्या फॅक्टरीत मशीन शॉपमध्ये नोकरी झाली, रिटायर झाले, फॅक्टरीच्या मागच्या वस्तीत स्वतःचं घर. मूळचे आमच्यासारखेच भंडाऱ्याकडचे, त्यामुळे दुकानात आले तेव्हा हिंदीत सुरू केलेलं बोलणं दुसऱ्या वाक्यालाच मराठीवर आलं.

"भाऊ, तुम्ही इलेक्ट्रिक गाडी पाहता का?"

"गाडी नाही पाहत जी. बॅटरी पाहतो."

"मंग बॅटरीच होय. गाडी भरून आहे पूर्ण, पण मरून राहिली."

मला वाटलं, माणूस काहीतरी चुकीचं बोलून राहिला. गाडी भरलेली असेल तर मरेल काहून? पण गेलो. अंगणात पत्र्याच्या शेडखाली पांढरी गाडी उभी, नवीकोरी, एक ओरखडा नाही. दार उघडेना. चावीचं बटण दाबलं तर काही नाही. चावीच्या आतून एक लहानशी लोखंडी चावी निघते, तिनं दार उघडलं. आत सगळा अंधार, ना दिवा, ना आवाज.

आता हे नीट समजून घ्या, कारण मलाही समजायला वेळ लागला. इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, गाडीच्या पोटाखाली, जिच्यावर गाडी धावते. दुसरी छोटी, बॉनेटखाली, आपल्या जुन्या गाड्यांत असते तशीच बारा व्होल्टची. दारं उघडणं, दिवे, गाडीचा कॉम्प्युटर, हे सगळं छोटीवर. आणि मुख्य म्हणजे मोठ्या बॅटरीचा खटका आहे ना, जो पडल्याशिवाय तिचा करंट बाहेरच येत नाही, तो खटकाही छोटीच पाडते. छोटी मेली की मोठी भरलेली असून काही उपयोग नाही. गाडी चालू असली की मोठी छोटीला भरत राहते. रामटेकेजींच्या गाडीत उभ्या उभ्या ते होत नव्हतं. काही गाड्यांत होतं म्हणतात, या गाडीत नव्हतं.

मी माझी बॅटरी जोडून गाडी जागी केली, तासभर चालू ठेवायला सांगितली आणि म्हणालो, "छोटी बॅटरी म्हातारी झाली असेल."

"कंपनीवाल्यांनी आत्ताच बदलून दिली," रामटेकेजी म्हणाले. "ही दुसरी होय."

मी तपासली. खरंच चांगली होती. पाट्या, पाणी, जोर, सगळं ठीक. कंपनीची पोरंही कॉम्प्युटर लावून पाहून गेली होती, कुठं दोष दिसला नव्हता. मी विचारलं, "गाडी चालवता किती?"

ते जरा वेळ गाडीकडे पाहत राहिले. "नाही चालवत."

उभी गाडी, म्हणजे लीकेज. मला बरं वाटलं, हे माझं काम. शेडलगतच्या भिंतीत खिळा होता आणि त्यावर चावी लटकायची. या गाड्या चावी जवळ आली की ओळखतात आणि जाग्या होतात. चावी हाताच्या अंतरावर असेल तर गाडी धड झोपणार कशी? मी चावी स्वयंपाकघरात डब्यात ठेवायला लावली आणि मोठ्या ऐटीत परतलो.

दोन आठवड्यांत पुन्हा फोन. "भाऊ, मेली."

मग काचेमागचा कॅमेरा दिसला, कुणा दुकानदारानं लावून दिलेला. गाडी उभी असतानाही तो चालू राहतो. त्याची तार काढली. बॅटरी पुन्हा मेली. मग मला वाटलं, डिकीचा दिवा आत जळत राहत असेल, म्हणून डिकीत मोबाईलचा कॅमेरा चालू ठेवून झाकण लावून पाहिलं. दिवा विझत होता. बॅटरी तरी मेलीच. खरं सांगतो, मी चक्रावलो. पेट्रोलच्या गाडीत तार हातानं धरता येते, कुठून निघाली कुठं गेली ते पाहता येतं. इथं सगळं बंद डब्यांत. कोणता डबा कोणाशी काय बोलतो, कोणाला ठाऊक.

आणखी एक गोष्ट मला कळत नव्हती. दर वेळी मी गेलो की शेजारच्या मिश्रा भाभी भिंतीवरून डोकावून जायच्या. "भाईसाहब, सब ठीक है ना?" रामटेकेजी म्हणायचे, "हां भाभी, ठीक है." पहिल्यांदा मला वाटलं शेजारधर्म. मग रामटेकेजीच एकदा म्हणाले, "हे पाहा, गाडी मरते त्याच दिवशी येते ही बाई विचारायला. तिले कसं कळते?"

मी काय सांगणार? मलाच गाडीचं कळत नव्हतं, शेजारणीचं कुठून कळणार.

पण रामटेकेजींचं निराळंच सुरू झालं होतं. चौथ्यांदा गेलो तेव्हा मला बसवून घेतलं. घरात एकटेच. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी त्यांच्या बायकोचा, त्याला हार. चहाचं पातेलं गॅसवर ठेवून बाहेर आले, परत आत गेले, गॅस पाहिला, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग माझ्यासमोर बसून हळू आवाजात म्हणाले, "वासनिक, एक विचारू? खरं सांगा. मी गाडीत काही चालू ठेवून देत असेल अन् मले आठवत नसेल, असं होऊ शकते ना?"

"तुम्ही गाडीत बसताच कुठं?"

"बसतो. कधीमधी. नुसता बसतो." मग थांबून म्हणाले, "आता मले माझाच भरोसा नाही राहिला."

आणि मग त्यांनी सांगितलं. गाडी त्यांच्या मुलीनं, वैशालीनं, घेऊन दिलेली. ती बंगलोरला इंजिनियर. आईबाबांना ऑटोसाठी रस्त्यावर उभं राहावं लागू नये म्हणून. गाडी येऊन थोडे महिने झाले असतील, बायकोच्या छातीत जळजळू लागलं. रामटेकेजींना वाटलं ॲसिडिटी. ओवा दिला, सोडा दिला, म्हणाले उजाडू दे, मग जाऊ. उजाडलं तेव्हा उशीर झाला होता. गाडी अंगणातच होती, भरलेली, चालू स्थितीत. दोन आठवड्यांनी मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं लक्षच नसते. कशाकडेच नसते." रामटेकेजी म्हणाले, "एवढं वाटते तर येऊ नको या घरात." ती गेली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"तिचं खरं होतं का, हे मी रोज विचार करतो," ते म्हणाले. "मंग ही गाडी मरायला लागली. एकदा, दोनदा, दर वेळी. म्हटलं, पाहा, एक उभी गाडी सांभाळता येत नाही आपल्याकडून. माझंच काही राहून जाते."

मी बॅटरीवाला. पण त्या क्षणी कळलं की मी इथं गाडीचा दोष शोधायला आलेलो नाही. हा माणूस दोषी आहे की नाही, ते मला शोधायचं आहे. असलं काम माझ्याकडे आधी कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लॅम्प मीटर घेऊन गेलो. चिमट्यासारखं यंत्र असतं, तारेभोवती अडकवलं की तारेतून किती करंट जातो ते दाखवतं. बॉनेट उघडं ठेवलं, पण त्याचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरनं दाबून लावून टाकलं, म्हणजे गाडीला वाटावं की बॉनेट बंद आहे. चावी घरात, दारं बंद. मग दोघं खुर्च्या टाकून मीटरकडे पाहत बसलो. गाडीला झोपायला वेळ लागतो. आकडा हळूहळू उतरत गेला आणि अगदी नाहीच्या जवळ येऊन थांबला.

"झोपली," मी म्हणालो. "पाहा रामटेकेजी, काही चालू नाही. तुमच्या हातून काही राहिलेलं नाही."

त्यांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. आणि तेवढ्यात गाडीच्या आत कुठंतरी खट् झालं. आकडा एकदम वर चढला. गाडीजवळ कोणी नाही, चावी घरात. थोड्या वेळानं आकडा उतरला, गाडी झोपली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग पुन्हा खट्.

"कोण आहे?" रामटेकेजी उभेच राहिले. मला विचारत होते की गाडीला, कळलं नाही.

खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा आला. पण गाडी आपली आपण जागी होत नाही, तिला कोणीतरी उठवतं. चावी नाही, तर मग दुसरं काय? मी विचारलं, "या गाडीचं मोबाईलवर काही असते, ते तुमच्याकडे आहे का?"

"मले नाही येत ते. गाडी वैशालीच्या नावावर, तिच्याच फोनमध्ये असेल."

"तिचा नंबर द्या."

त्यांनी फोन न काढता सगळा नंबर तोंडपाठ सांगितला.

मी माझ्या फोनवरून लावला. "मी वासनिक, जबलपूरहून, बॅटरीवाला. तुमच्या बाबांची गाडी..."

"बाबांना काय झालं?"

"काही नाही झालं, बाबा एकदम ठीक आहेत. गाडीचं विचारायचं आहे. तुम्ही आत्ता थोड्या वेळापूर्वी फोनमध्ये गाडी पाहिली का?"

ती हळूच म्हणाली, "हो. काहून?"

"एक काम करा. आता पाहू नका. मी सांगतो तेव्हा पाहा."

गाडी झोपेपर्यंत फोन तसाच चालू ठेवला. बंगलोरहून तिच्या ऑफिसातले आवाज येत होते. मग मी म्हणालो, "आता." गाडीत खट् झालं. आकडा चढला. रामटेकेजी पुढे आले आणि त्यांनी बॉनेटखाली, आवाज जिथून आला त्याच्या जवळ, हात ठेवला. मला खूण केली: पुन्हा. मी तिला म्हणालो, "बंद करा. अन् जरा वेळानं परत." परत खट् झालं. रामटेकेजींचा हात तिथंच होता.

तिनं ॲप उघडलं की गाडीला उठून सांगावं लागायचं: कुठं आहे, दारं बंद आहेत का, चार्जिंग किती. दर वेळी छोटी बॅटरी थोडी प्यायली जायची, आणि गाडी चालत नसल्यानं भरायची नाही. मी हे तिला समजावलं आणि विचारलं, "दिवसातून किती वेळा पाहता?"

"मोजलं नाही कधी," ती म्हणाली. "सकाळी उठल्यावर. ऑफिसात. दार उघडलेलं दिसलं तर वाटते बाबा बाहेर आले, बसले असतील. कधी कधी गाडी काही दाखवतच नाही, मग मी मिश्रा आंटीला फोन करते."

भिंतीवरून डोकावण्याचं कोडं असं सुटलं. ती म्हणाली, "म्हणजे गाडी माझ्यामुळे बंद पडत होती? सॉरी काका. मी नाही पाहणार आता. ॲपच काढून टाकते."

फोनचा आवाज मोठा होता, रामटेकेजींना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी जोरजोरात मान हलवली. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नको म्हणा. पाहू दे तिले."

मी फोन पुढे केला. "तुम्हीच सांगा ना."

ते मागे सरले आणि घरात निघून गेले. मी फोन हातात घेऊन अंगणात उभा. शेवटी म्हणालो, "बाबा म्हणतात, पाहत जा."

मग तिनं विचारलं, "ते जवळच आहेत का?"

"आत गेले."

"चहा ठेवायला गेले असतील," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

रामटेकेजी खरंच चहा घेऊन बाहेर आले. कप माझ्या हातात देत म्हणाले, "म्हणजे माझ्याकडून काही राहून जात नव्हतं."

"नाही."

"अच्छा," ते म्हणाले.

आता माझी पंचाईत पाहा. मी आयुष्यभर लीकेज बंद करत आलो. लीकेज सापडलंय, ते राहू द्या, असं म्हणणारं हे पहिलं गिऱ्हाईक. मी म्हटलं, रोज गाडी थोडी चालवा, म्हणजे आपोआप भरेल. ते म्हणाले, "मन नाही होत." मग एकच रस्ता उरला. बाजारात मेंटेनर चार्जर मिळतो. साधा चार्जर लावून विसरलात तर तो बॅटरी उकळवून टाकतो, पाणी उडून जातं, पाट्या वाकतात. मेंटेनर बॅटरी भरली की स्वतःच थांबतो आणि उतरली की पुन्हा सुरू होतो. तो मी छोट्या बॅटरीला पक्का जोडून दिला, तार बॉनेटच्या फटीतून काढून शेडमधल्या बोर्डात लावली, पावसाचं पाणी लागणार नाही अशी सोय केली. मुलगी हवं तितकं पाहो, बॅटरी आता मरणार नव्हती.

पण सुटलं काय, हे मला कळत नव्हतं. गाडीचं सुटलं. बापलेकीचं तसंच राहिलं. एकजण तिकडून गाडी पाहते, एकजण इकडे गाडीत नुसता जाऊन बसतो. नंतर मिश्रा भाभींकडून कळलं की रामटेकेजी आता रोज सकाळी ठरल्या वेळी दार उघडून बसतात आणि लावून घेतात. कोणासाठी, ते त्यांना विचारायची माझी छाती झाली नाही.

थंडी सुरू झाल्यावर मी एकदा बॅटरी तपासायला गेलो. ठणठणीत होती. रामटेकेजी शर्टाची बटणं लावत बाहेर आले. म्हणाले, "वासनिक, वेळ आहे का? चला, भेड़ाघाटपर्यंत नेऊन पाहू. इतके दिवस उभी आहे, चाकंही बसून गेली असतील."

मी तार काढली आणि शेजारी बसलो. शहरातून जाताना ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून होते, पण मोठा रस्ता लागला तसे सैल झाले. भेड़ाघाटला संगमरवराच्या मूर्ती विकणाऱ्या दुकानांपाशी गाडी लावली आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी माझ्यासमोर धरला. वैशाली.

"उचला ना," मी म्हणालो.

"काय बोलू?"

"ती बोलेल."

त्यांनी उचलला. "हं... हो... भेड़ाघाटला... नाही, नाही, एकटा नाही, बॅटरीवाले भाऊ आहेत सोबत... हो... अच्छा?... हो, हो... तू जेवली का?"

मी दार उघडून खाली उतरलो. दगड कापणाऱ्याच्या मशीनचा आवाज चालू होता, पांढरी धूळ उडत होती. मी उगाच संगमरवरी हत्ती पाहिले, दिवे पाहिले, दुकानदाराला उगाच प्रश्न विचारले. बऱ्याच वेळानं गाडीकडे पाहिलं तर रामटेकेजींचा फोन कानालाच होता. आणखी एक दुकान पाहून आलो तेव्हा ते फोन मांडीवर ठेवून बसले होते.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मागच्या डाव्या टायरमध्ये हवा कमी दाखवून राहिली फोनमध्ये. तशीच चालवू नका."

"एवढा वेळ टायरवर बोलली?"

"टायरवरच," ते म्हणाले आणि गाडी वळवली.

परतीच्या रस्त्यावर पंक्चरवाल्याकडे थांबलो. त्यानं मागच्या डाव्या टायरला गेज लावलं. मग बाकीची तिन्हीही पाहिली आणि उठून उभा राहिला. "बाबूजी, हवा तो चारों में बराबर है."

गाडीचा सेन्सर चुकला होता, की बंगलोरच्या पोरीनं निमित्त काढलं होतं, मला आजतागायत कळलेलं नाही. मी पंक्चरवाल्याकडे पाहत होतो, तो माझ्याकडे.

रामटेकेजी खिडकीतून वाकून म्हणाले, "फिर भी थोड़ी डाल दो भैया. बिटिया ने बोला है."